दहा टक्के जागा

“हिला घसा न्हाई का वो म्याडम?”

हिंदुराव मामांनी बटण दाबलं, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि कान देऊन ऐकत बसले. गाडीतून काहीच आवाज येत नव्हता.

“तो हिरवा दिवा लागलाय ना, मामा. म्हणजे चालू झाली.”

“दिवा तर देवळातबी लागतुय. म्हणून देऊळ चालाय लागतंय व्हय?”

मागच्या सीटवर टिपणीस सर खो खो हसले. सर हसले म्हणून मीही हसले, जरा जास्तच मोठ्यानं. त्या दिवशी सरांना जे आवडेल ते मला आवडायचं, असं मी घरातूनच ठरवून निघाले होते.

मे महिन्यातली सकाळ, साडेआठची वेळ. वाई मागे टाकून आम्ही पसरणीच्या घाटाच्या पायथ्याशी थांबलो होतो. गाडीत आम्ही तिघंच. मी पुढच्या सीटवर, मांडीवर लॅपटॉप. मागे टिपणीस सर, आमच्या कंपनीत कुठली गाडी जगणार आणि कुठली मरणार हे ठरवणारे. आणि चालवायला हिंदुराव जगदाळे. एसटीत चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेले आणि मग आमच्याकडे चाचणीच्या गाड्या चालवायला आलेले. कंपनीच्या निळ्या शर्टावरही ते एसटीचा बिल्ला लावत, विनाअपघात सेवेचा. आमच्या सुरक्षा अधिकाऱ्यानं एकदा तो काढायला सांगितला होता, तेव्हा मामा म्हणाले होते, “शर्ट तुमचा हाय, बिल्ला माजा हाय. शर्ट काडू का?”

गाडीला मामा ‘मुकी’ म्हणायचे. मोठ्या साहेबलोकांनी मागे बसून फिरावं अशी ती लांबलचक सेडान. पुढे पेट्रोलचं टर्बो इंजिन, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे विजेची मोटर, मागच्या सीटखाली बॅटरी. घरच्या प्लगवर चार्ज करायची, पहिले काही किलोमीटर नुसत्या विजेवर जायचं, वीज संपली की इंजिन, आणि जोर हवा असला की दोन्ही मिळून. आज असल्या गाड्या रस्त्यावर दिसतात. अकरा वर्षांपूर्वी आमच्या चाकणच्या कारखान्यात ती एकच होती. तिच्या पोटात दोन जीव होते, आणि कुणी कधी बोलायचं, कुणी गप्प बसायचं हे त्यांना शिकवणं म्हणजे माझी नोकरी. वय सत्तावीस. अंगात मस्ती भरपूर, आणि ती हुशारीच आहे असा माझा समज.

“वही?” मामांनी विचारलं.

ती त्यांची सवय. समोरच्या कप्प्याला सुतळीनं बांधलेली एक लाल वही गाडीत लटकत असे. गाडीच्या प्रोग्रॅममध्ये मी काहीही बदललं, अगदी आकडा इकडचा तिकडे केला, तरी ते वहीत हातानं लिहायचं, मामांना समजावून सांगायचं, आणि खाली दोघांच्या सह्या झाल्याशिवाय गाडी जागची हलवायची नाही. हा नियम कंपनीचा होता, पण तो पाळणारे एकटे मामाच. बाकीचे ड्रायव्हर न वाचता सही ठोकत. मामा मात्र मला अर्धा अर्धा तास छळायचे. असं का, तसं का, आणि मग वळणदार अक्षरात ‘हिं. बा. जगदाळे’.

“नवीन काही नाही, मामा.”

“बगा हं.”

“नाही म्हटलं ना.”

त्यांनी मान डोलावली आणि मुकी निघाली.

पसरणीचा घाट म्हणजे मामांचं अंगण. गाव तिथून दोन कोसांवर. पहिल्या वळणाला त्यांनी घाटातल्या देवाला हात जोडला आणि म्हणाले, “म्याडम, चढायचं काय न्हाई. चढायला कुनालाबी येतंय. उतरायचं सांगा. आमची एसटी आमी खालच्या गिअरात टाकायचो, इंजिन तिला धरायचं. हिचं इंजिन तर झोपल्यालं असतंय. मंग उतरताना हिला धरनार कोन?”

मला असले प्रश्न आवडायचे. मी सांगितलं की उतारावर पाय काढला की मोटरच उलटी चालते, डायनामोसारखी. गाडीचा जोर ती खाते आणि त्याची वीज करून बॅटरीत भरते. जोर खाल्ला गेला की गाडी आपोआप धरली जाते. म्हणून तर हिचे ब्रेक तेवढे मोठे ठेवायची गरज पडली नाही.

एक वळण घेऊन मामा म्हणाले, “म्हंजी पोट रिकामं असंल तर खानार. आनि भरल्यालं असंल तर?”

आमच्या विभागातल्या बारा इंजिनिअरांपैकी कुणीही मला हा प्रश्न आपणहून विचारला नव्हता.

“हिचं पोट कधी भरतच नाही, मामा. नव्वद टक्क्यांवर चार्जिंग थांबतं. दहा टक्के जागा मी कायम मोकळी ठेवलेली आहे. वहीत लिहिलंय, तुमची सही आहे त्यावर.”

“हां, हाय खरी. धा टक्के.” त्यांचं समाधान झालं.

वहीत तसं होतं, ते खरंच. गाडीत मात्र गेल्या गुरुवारपासून तसं नव्हतं.

झालं असं होतं की सरांना सादरीकरणाच्या पहिल्या पानावर ‘विजेवर पन्नास किलोमीटर’ असं हवं होतं. माझी गाडी शेहेचाळीस जात होती. मी महिनाभर डोकं फोडलं, टायरची हवा वाढवून पाहिली, पंखे कमी केले, शेहेचाळीसचे सत्तेचाळीस होईनात. आणि सरांनी फोनवर सांगितलं होतं की पन्नास नसतील तर हा सगळा खटाटोप संचालकांसमोर न्यायचाच कशाला. म्हणजे मुकी गेली, आणि तिच्याबरोबर माझी तीन वर्षं. गुरुवारी दुपारी मी लॅपटॉपवर नव्वदचे शंभर केले. गाडी एक्कावन्न गेली. सरांची ही फेरी झाली की सोमवारी परत नव्वद करायचेच आहेत, मग वहीत कशाला, असं म्हणून मी वही उघडली नाही. मामांनी विचारलं असतं, जागा कुठं गेली? मला त्यांना उत्तर द्यायचं नव्हतं.

शिवाय चढताना बॅटरी संपतेच. रिकाम्या पोटी वर जायचं, भरत भरत खाली यायचं. चाळीस वेळा असंच आलो होतो. भीती वाटण्यासारखं काही होतं असं मला खरोखर वाटत नव्हतं.

“दाखवा की जरा काय आहे ते,” सर मागून म्हणाले.

मामांनी आरशात पाहिलं, पुढे पाहिलं. समोर सरळ चढ, रस्ता मोकळा. त्यांनी पाय दिला. मोटरनं क्षणाचाही वेळ न लावता गाडी उचलली, मागोमाग इंजिन जागं होऊन तिला मिळालं, आणि दोन टनांची ती बाई चढावर अशी सुटली की माझी पाठ सीटला चिकटली. लॅपटॉप पोटात रुतला. सर “वा!” म्हणाले. मला इतका आनंद झाला की मी खिडकीकडे तोंड फिरवून हसले.

शेवटच्या टप्प्यात बॅटरी संपली आणि इंजिनावर एकट्यानं ओढायची पाळी आली. पुढून घरघर यायला लागली.

“हे काय गुरगुरतंय?” सर म्हणाले.

“इंजिन आहे, सर. चढामुळे जरा...”

“मागे बसणाऱ्याला हे ऐकू येता कामा नये. परतीला मला हे नकोय. वाईपर्यंत अगदी शांत हवं.”

“येणार नाही, सर.”

माझा चेहरा पडला असणार. मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

पाचगणीत कंपनीचं विश्रामगृह होतं. सर तिथे कुणाकुणाला भेटत बसले, मग जेवण, मग वामकुक्षी. मी व्हरांड्यात लॅपटॉप घेऊन बसले आणि परतीसाठी इंजिनाला कुलूप घातलं, म्हणजे काहीही झालं तरी ते सुरू होणार नाही. मध्येच चुकून निघू नये म्हणून ते कुलूप मी पक्कं केलं, गाडी पूर्ण थांबवून बंद करून परत चालू केल्याशिवाय न निघणारं. लॅपटॉप गाडीला जोडला की ते आपोआप गाडीत उतरणार होतं. हेही वहीत लिहायला हवं होतं. वही गाडीत होती, गाडी मागच्या अंगणात होती, आणि बाहेर ऊन मी म्हणत होतं.

अडीचला निघालो. मी मागच्या अंगणात गेले तर मामा एक काळी जाड वायर कोपराभोवती गुंडाळत होते. न्हाणीघराच्या खिडकीतून ती बाहेर आली होती.

“म्याडम, तुमच्यासाठी एक काम केलंय.” मामा पोरासोरांसारखे हसत होते. “गिझरच्या साकिटाला लावली हुती, साडेतीन तास. धाच्या धा काड्या भरल्या बगा. आता साहेबास्नी घरघर ऐकू येनार न्हाई.”

मी काचेतून पाहिलं. समोरच्या पट्टीवर दहा हिरव्या काड्या. ती पट्टी नव्वदलाही दहा काड्या दाखवायची आणि शंभरलाही दहाच. खरा आकडा फक्त माझ्या लॅपटॉपवर दिसे. मी आत बसून लॅपटॉप गाडीला जोडला.

शंभर.

“एसटीत असताना कवा रिकाम्या टाकीनं डेपोतनं भाईर पडलो न्हाई,” मामा सांगत होते. “आनि जागा ठेवलीयच की तुमी. म्हणून बिनघोर भरली.”

तेवढ्यात मागचं दार उघडलं, सर आत बसले. “चला.”

माझ्याकडे मिनिटभर तरी होतं. ‘सर, पंधरा मिनिटं थांबू, गावातून दोन चकरा मारू, थोडी बॅटरी उतरवू,’ एवढंच म्हणायचं होतं. सर म्हणाले असते, का? मग गुरुवार बाहेर आला असता. पन्नासचे परत शेहेचाळीस झाले असते, तेही खोटेपणाच्या शिक्क्यासकट. आणि मामांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं असतं. मी मनाशी म्हटलं, ब्रेक आहेत की. दहा किलोमीटरचा तर घाट. मग मी हात पुढे करून एसी शेवटच्या आकड्यावर नेला, तेवढीच वीज खाईल म्हणून.

चहाच्या चमच्यानं विहीर उपसण्यातला प्रकार होता तो. आणि मला ते त्या वेळीही कळत होतं.

पाचगणी संपली, रस्ता कडेवरून खाली वळला. पहिलं वळण, दुसरं वळण. मामांनी पाय उचलला आणि पुन्हा ठेवला.

“म्याडम, धरत न्हाई.”

“म्हणजे?”

“दर बारीला पाय काडला की मागनं कुनी पदर धरल्यागत थांबायची. आज मोकळीच सुटतीय.”

“ब्रेक वापरा, मामा,” मी म्हणाले. माझा आवाज अगदी साधा निघाला. त्याचा मला अजून राग येतो.

त्यांनी ब्रेक वापरला. पुढच्या वळणाला परत. त्याच्या पुढच्या वळणाला परत. डावीकडे खाली धोमचं पाणी उन्हात चमकत होतं. कठड्यावर माकडं बसली होती आणि आवाज नसल्यामुळे गाडी अगदी जवळ येईपर्यंत त्यांना पत्ता लागत नव्हता, मग दचकून उड्या मारत होती.

“हे! हे म्हणतोय मी,” सर मागून म्हणाले. “गाडी चाललीय की नाही कळतसुद्धा नाही. फक्त एसी कमी करा हो, थंडी वाजतेय.”

मी कमी केला नाही. लॅपटॉपवर शंभरचे नव्व्याण्णव व्हायची वाट पाहत होते.

वास आला तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, बाहेर कुणी टायर जाळतंय. काच तर बंद होती. मामांनी नाकानं हवा ओढली आणि त्यांचा चेहरा पार बदलला. हसरा माणूस गेला आणि तिथं कुणी दुसराच येऊन बसला.

“पाय खाली चाललाय,” ते हळू म्हणाले, सरांना ऐकू जाऊ नये एवढ्याच आवाजात. “म्याडम, इंजिन घ्या.”

मी कळा दाबल्या. लॅपटॉपवर ओळ आली, ‘गाडी थांबवून बंद करा आणि पुन्हा चालू करा.’ ती ओळ मीच लिहिली होती, दोन तासांपूर्वी, व्हरांड्यात बसून. मी पुन्हा दाबल्या. पुन्हा तीच ओळ.

“घ्या की इंजिन.”

“होत नाहीये, मामा.”

का होत नाही, हे त्यांनी विचारलं नाही. विचारायला वेळही नव्हता. त्यांनी हॉर्नवर तळवा ठेवला तो उचललाच नाही. ब्रेकचं पेडल आता जमिनीला टेकत होतं, तरी ते पाय मारत होते, एक, दोन, तीन. हातानं लावायचा ब्रेकही ओढून झाला होता. “काय चाललंय काय?” सर ओरडले.

पुढचं वळण उजवीकडे. वळणाच्या बाहेर, डाव्या अंगाला, कठड्याशी एक जीप उभी होती आणि पाचसहा माणसं दरीकडे पाठ करून फोटो काढत होती. एक बाई कडेवरच्या मुलाला हात हलवायला शिकवत होती. उजव्या अंगाला डोंगर, काळा फत्तर, खाली गटार.

“पाय वर घ्या, म्याडम,” मामा म्हणाले. “डोकं खाली.”

आणि त्यांनी गाडी उजवीकडे घातली. उजवीकडे ते स्वतः बसले होते.

गाडी फत्तराला घासत किती गेली ते मला आठवत नाही. अहवालात एकतीस मीटर लिहिलंय. काचा फुटल्या, मग लोखंड फाटल्यासारखा आवाज झाला, आणि मग सगळं थांबलं. मला खरचटलं होतं. सरांच्या कपाळातून रक्त येत होतं. मामांच्या बाजूचं दार आत येऊन त्यांच्या मांडीपर्यंत पोचलं होतं. ते शुद्धीवर होते. जीपकडे बघत होते.

“लागलं का कुनाला? त्या बाईला? पोराला?”

“नाही, मामा. कुणालाही नाही.”

“बरं झालं,” म्हणाले आणि मग त्यांची मान पडली. समोरच्या पट्टीवर हिरवा दिवा अजून लागलेला होता.

त्यांचा उजवा पाय साताऱ्याच्या इस्पितळात गुडघ्याखालून कापला. त्याच दिवशी संध्याकाळी मुकीला ट्रकवर घालून चाकणला आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, चौकशीची माणसं यायच्या आत, मी एकटी शेडमध्ये गेले. वायर जोडली, शंभरचे नव्वद केले, इंजिनाचं कुलूप काढलं, वायर गुंडाळली. सगळं मिळून चार मिनिटं लागली.

चौकशी रीतसर झाली. लाल वही तपासली. शेवटची नोंद तीन महिन्यांपूर्वीची, दहा टक्के मोकळी, दोघांच्या सह्या. गाडीतही नव्वदच. टिपणीस सरांना आपण शांतता मागितल्याचं आठवलं नाही, आणि मी आठवण करून दिली नाही. मग चौकशीचे दोन अधिकारी मामांचा जबाब घ्यायला इस्पितळात गेले. मीही गेले होते.

“गाडी चार्जिंगला कुणी लावली?”

“मी. म्याडमना न इचारता.”

“ब्रेक तापले असं केव्हा वाटलं?”

“लई उशिरा. आदी कळाया पायजे हुतं. चौतीस वरसं घाटात काढली, मला कळाया पायजे हुतं.”

अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं आणि ते गेले. खोलीत मामा आणि मी. पंखा फिरत होता. उशीजवळच्या कपाटावर त्यांचा फाटका निळा शर्ट घडी करून ठेवला होता, बिल्ला त्याच्यावर तसाच.

“पोरी,” ते म्हणाले. याआधी त्यांनी मला कधी म्याडमशिवाय हाक मारली नव्हती. “एक इचारू?”

“विचारा ना.”

“त्या दिवशी ती धा टक्के जागा हुती नव्हं?”

मी सांगायलाच आले होते. बसमध्ये साताऱ्यापर्यंत मनात तेच घोकत होते, शब्दसुद्धा ठरवून ठेवले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. पांघरूण उजव्या बाजूला लवकर सपाट होत होतं.

“होती, मामा,” मी म्हणाले.

त्यांनी डोळे मिटले.

“मंग पायच चुकला माजा,” म्हणाले.

अहवालात तेच आलं, जरा चांगल्या भाषेत. त्याखाली माझीही सही आहे. पुढे दोन वर्षांनी गाडी बाजारात आली. पत्रकावर ‘विजेवर शेहेचाळीस किलोमीटर’ असं छापलं होतं. संचालकांनी काही हरकत घेतली नव्हती, गिऱ्हाइकांनीही नाही. चार किलोमीटर कमी म्हणून एकाही माणसानं तक्रार केल्याचं मी ऐकलं नाही.

मी नंतर कंपनी सोडली. आता पुण्यात एका महाविद्यालयात शिकवते. मामांना भेटायला मी पुन्हा गेले नाही. दिवाळीला फोन करायची, तोही पुढे बंद केला. त्यांनी त्यानंतर गाडी चालवली नाही, असं कळलं होतं. नकली पायावर माणसं चालवतात, पण त्यांनी साधी स्कूटरही घेतली नाही.

गेल्या महिन्यात त्यांच्या पत्नी, सोनाबाई, माझा पत्ता शोधत घरी आल्या. थकलेल्या, पायात साध्या चपला. मामा हिवाळ्यात गेले, म्हणाल्या. मी पाणी दिलं. त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढून टेबलावर ठेवलं.

“ह्यो तुमाला द्यायला सांगितला हुता.”

मी कागद उलगडला. तो बिल्ला होता. घासून घासून त्याच्यावरची अक्षरं पुसट झाली होती.

“अकरा वरसं कपाटात ठेवला हुता, पर लावला न्हाई. जाताना म्हनले, ह्यो माज्याजवळ शोभत न्हाई. म्याडमना दे, त्यास्नी ठावं हाय माजा पाय चुकल्याला.” त्या थांबल्या. पदरानं तोंड पुसलं. “मी अडानी बाई. मला त्यातलं काय कळत न्हाई. पर म्याडम, खरंच चुकला हुता का वो त्यांचा पाय? झोपंतबी पाय मारायचे वो. बिरेक मारल्यागत. कापल्याला पाय.”

बाहेर शेजाऱ्यांचा कुकर शिट्ट्या देत होता.

“नाही, काकू,” मी म्हणाले. “पाय चुकला नव्हता.”

आणि मग मी सगळं सांगितलं. गुरुवार, नव्वदचे शंभर, न लिहिलेली वही, कुलूप, शेडमधली चार मिनिटं. त्यांना समजेल अशा शब्दांत सांगितलं, जसं मामांना सांगायची तसं. इस्पितळातलंही सांगितलं.

माझं संपल्यावर म्हणाल्या, “त्यांनी इचारलं हुतं तुमाला.”

“हो.”

“तोंडानं इचारलं हुतं.”

“हो, काकू.”

मला वाटलं, त्या शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी हात लांब करून टेबलावरचा बिल्ला उचलला, पदराच्या टोकात ठेवला आणि दोनदा गाठ मारली. वर्तमानपत्राचा कागद मात्र तिथंच राहू दिला.

“मंग ह्यो त्यांचाच हाय,” म्हणाल्या आणि चपला घालायला उठल्या.